नगरपरिषदेच्या मागण्या जिल्हा नियोजन समिती, आमदार आणि मंत्रालयापर्यंत कशा न्याव्यात: कागद, क्रम आणि नेहमीच्या चुका

अधिवेशन तोंडावर आलं की राज्यभरातल्या नगरपरिषदांतून एकाच साच्याची शिष्टमंडळं निघतात. लेटरहेडवर वीस-बावीस मागण्या, खाली नगराध्यक्षांची सही, मंत्र्यांच्या हातात कागद देतानाचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात ‘मंत्री सकारात्मक’. मार्च उलटतो, तरी यादीतलं एकही काम हललेलं नसतं. दर वेळी राजकारणच आडवं आलेलं असतं असं नाही. बऱ्याचदा कागद चुकीच्या दारात गेलेला असतो, किंवा बरोबर दारात पण अर्धवट.

हा लेख नगराध्यक्ष, नगरसेवक आणि त्यांच्यासाठी कागद तयार करणाऱ्यांसाठी आहे. कायद्याचे संदर्भ नगरपरिषदा व नगरपंचायतींचे आहेत, म्हणजे १९६५ च्या अधिनियमाचे. महापालिकांचा कायदा वेगळा, क्रम बराचसा हाच.

दोन शब्द आधी वेगळे करू. नगराध्यक्षांच्या सहीचं मागणीपत्र म्हणजे निवेदन. सर्वसाधारण सभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि जागेचे कागद जोडून मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो तो प्रस्ताव. निर्णयाची फाइल प्रस्तावावर चालते. निवेदनावर फार तर ‘अहवाल मागवा’ असं लिहिलं जातं, आणि तो अहवाल फिरून तुमच्याच मुख्याधिकाऱ्यांकडे येतो.

## टप्पा १: आधी तारखा मांडा

राज्याचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून चालतं, पण त्यातल्या पैशांची वाटणी आदल्या हिवाळ्यातच बरीचशी ठरलेली असते. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा साधारण डिसेंबर-जानेवारीत जिल्हा नियोजन समितीपुढे येतो. नंतर राज्यस्तरावर वित्त व नियोजनमंत्र्यांच्या बैठका होतात आणि मार्चच्या अर्थसंकल्पात आकडे पक्के होतात. विधानमंडळाची अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. सरकार प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या) मांडतं, पण त्या अधिवेशनाच्या सुरुवातीलाच छापून सभागृहात येतात. तुम्ही नागपूरला पोचता तोवर ती खिडकी बंद झालेली असते.

म्हणून उलटं मोजा. डिसेंबर गाठायचा असेल तर:

- ऑगस्टमध्ये विषय समित्यांकडून मागण्या मागवा.
- सप्टेंबरात जागेची कागदपत्रं आणि मोजणी.
- ऑक्टोबरअखेर अंदाजपत्रक आणि सभेचा ठराव.
- नोव्हेंबरात तांत्रिक मान्यता घेऊन प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल.
- नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमदारांची भेट.

सावधान: आचारसंहिता लागली की नव्या मंजुऱ्या थांबतात. जिल्ह्यात कुठलीही निवडणूक येण्याची शक्यता असेल तर हे सगळं एक महिना अलीकडे ओढा.

## टप्पा २: प्रत्येक मागणीचा मालक शोधा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. मागण्यांची यादी समोर घ्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहा: यावर शेवटची सही कोणाची? उत्तर साधारण पुढच्यांपैकी एक येतं.

कायद्यात बदल. अधिनियमातल्या कलमालाच हात घालायचा असेल तर ना सभेचा ठराव पुरतो, ना शासन निर्णय. मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती हे चांगलं उदाहरण आहे. ती माफ करा असे ठराव कितीतरी नगरपरिषदांनी केले, पण शास्ती कायद्यातच होती, त्यामुळे ते कागदावरच राहिले. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अभय योजनेसाठी, म्हणजे शास्तीच्या माफीसाठी, अधिनियमातच दुरुस्ती करायचं ठरवलं, तेव्हा वाट मोकळी झाली. अशी मागणी नगरविकास विभागाकडे जाते. विधि व न्याय विभाग मसुदा तपासतो, मंत्रिमंडळ मान्यता देतं आणि मग विधेयक येतं. अधिवेशन चालू नसेल तर अध्यादेशही निघू शकतो.

नियम, अधिसूचना, शासन निर्णय. कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध (कुठली पदं किती), योजनेचे निकष, नगरपरिषदेचा हिस्सा किती टक्के असावा, असले विषय. इथे विधानसभा लागत नाही. विभागाचा निर्णय आणि पैशांचा प्रश्न असेल तर वित्त विभागाची सहमती लागते. ‘कायदा बदला’ म्हणून ओरडण्याआधी ती गोष्ट खरोखर कायद्यात आहे की नुसत्या शासन निर्णयात, हे मूळ कागद उघडून बघा. निम्म्या वेळा ती शासन निर्णयात सापडते आणि काम बरंच सोपं होतं.

जिल्ह्यात सुटणारा पैसा. नगरोत्थान अभियानाचा (शहरांतल्या मूलभूत सोयींसाठीची राज्याची योजना) जिल्हास्तर, अनुसूचित जाती घटक कार्यक्रमातली नागरी वस्ती सुधारणा, आमदार निधी. यातल्या एकाही कामासाठी मंत्रालयाची पायरी चढायची गरज नाही.

राज्यस्तरावरचा पैसा. मोठी पाणीपुरवठा योजना, भुयारी गटार, नगरोत्थानचा राज्यस्तर. इथे सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो, आणि पाण्याच्या योजनेत महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता.

जमीन आणि आरक्षण. सरकारी जागा हवी असेल तर सुरुवात जिल्हाधिकाऱ्यांकडून. कचरा डेपोसाठी शेजारच्या गावचं गायरान मागत असाल तर जमीन महसूल संहितेतलं कलम २२-अ वाचा. दुसरी योग्य सरकारी जागा उपलब्ध नाही, हे तिथे दाखवावं लागतं. विकास आराखड्यातल्या आरक्षणात फेरबदल हा प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ चा विषय. त्यात आधी नगरपरिषदेने हरकती-सूचना मागवायच्या, मग शासनाकडे जायचं. हरकती न मागवता मंत्र्यांकडे गेलात तर फाइल त्याच पावली परत.

दुसऱ्याच खात्याचं काम. धरणातलं पाणी आरक्षण जलसंपदाकडे, गावातून जाणारा राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामाकडे, राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे पूल केंद्राकडे. शेवटच्या दोहोंसाठी खासदार. आमदारांना त्यात घालून त्यांचा आणि आपला वेळ घालवू नये.

तपासा: प्रत्येक मागणीपुढे पदनाम आलं आहे का? ‘शासन’ हे उत्तर चालत नाही. ‘जिल्हाधिकारी’, ‘प्रधान सचिव, नगरविकास’, ‘अधीक्षक अभियंता’ असं नेमकं हवं.

## टप्पा ३: यादी कापा

एका खेपेला तीन. फार तर चार. वीस मागण्या दिल्या की समोरचा अधिकारी त्यातली त्याला सोपी वाटणारी उचलतो, आणि ती बहुधा तुमची विसावी असते.

कापताना तीन चाळण्या लावा. काम शहराच्या किती भागाला लागतं, कागद किती तयार आहेत, आणि नगरपरिषदेचा हिस्सा भरायची ऐपत आहे का. तिसऱ्या चाळणीकडे पाठ फिरवली जाते आणि तिथेच काम अडतं. समजा योजना ४ कोटींची आहे आणि तुमचा हिस्सा १५ टक्के येतो. म्हणजे ६० लाख. ते कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या शीर्षाखालून, येणार हे लेखापालांना विचारून लिहून घ्या. हिश्शाचं प्रमाण नगरपरिषदेच्या वर्गावर ठरतं: १ लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’, ४० हजार ते १ लाख ‘ब’, त्याखाली ‘क’. टक्केवारी योजनेगणिक बदलते आणि अधूनमधून सुधारते, म्हणून जुन्या फाइलमधला आकडा न उचलता चालू शासन निर्णय काढा.

कापलेल्या मागण्यांचं काय? त्यांची वेगळी यादी ठेवा आणि ज्या नगरसेवकांच्या आहेत त्यांना तसं तोंडावर सांगा. न सांगता वगळलं तर तेच नगरसेवक वेगळं निवेदन घेऊन त्याच मंत्र्याकडे जातात, आणि मग विभागाला सबब मिळते की शहराचंच एकमत नाही.

## टप्पा ४: ठराव असा लिहा की तो उलटणार नाही

विषय सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापील हवा. साध्या सभेची नोटीस सात पूर्ण दिवसांची, विशेष सभेची तीन. नोटिशीचा आणि सभेचा दिवस यात धरायचा नाही. जमीन, कर्ज किंवा हिस्सा भरण्याची हमी असले विषय ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून रेटू नका. विरोधी नगरसेवक जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले तर कलम ३०८ खाली ठरावाला स्थगिती मिळू शकते, आणि स्थगिती उठेपर्यंत आर्थिक वर्ष संपतं.

ठरावात ‘शहराच्या सर्वांगीण विकासासाठी’ हे शब्द कितीही वेळा आले तरी त्यांचा उपयोग शून्य. त्याऐवजी हे असू द्या:

- योजनेचं पूर्ण नाव, स्तरासह.
- कामाची जागा: सर्व्हे क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक, प्रभाग.
- अंदाजपत्रकाची रक्कम आणि ती कुठल्या वर्षाच्या दरसूचीवर (सरकारी दरांच्या यादीवर) आहे.
- नगरपरिषदेचा हिस्सा भरण्यास संमती आणि त्याचं लेखाशीर्ष.
- काम झाल्यावर देखभाल-दुरुस्ती नगरपरिषद करील, ही हमी.
- हेच काम दुसऱ्या कुठल्या निधीतून मंजूर नाही, हे विधान.
- पुढील पत्रव्यवहाराचे अधिकार कोणाला.

शेवटचा मुद्दा बारीक वाटतो. तो नसला की त्रुटी निघाल्यावर एखादा आकडा दुरुस्त करायलाही पुन्हा सभा बोलवावी लागते.

कायदादुरुस्तीची मागणी असेल तर ठराव वेगळा होतो. त्यात कलम क्रमांक, सध्याचा मजकूर, त्यामुळे येणारी अडचण, सुचवलेला मजकूर आणि महसुलावर होणारा परिणाम द्या. कायदा राज्यभरच्या नगरपरिषदांना लागू असतो, त्यामुळे एका गावाच्या तक्रारीवर तो हलत नाही. जिल्ह्यातल्या आणखी आठ-दहा नगरपरिषदांकडून शब्दशः तोच ठराव घ्या. मजकूर वेगवेगळा असला की विभागाच्या दृष्टीने त्या दहा वेगळ्या मागण्या होतात.

तपासा: सूचक, अनुमोदक, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, दिनांक. सभेच्या इतिवृत्तातला मजकूर आणि बाहेर पाठवलेल्या प्रतीतला मजकूर एकच आहे का, हे कोणीतरी ओळीने वाचून बघा.

## टप्पा ५: प्रस्ताव बांधा

इथे मुख्याधिकारी आणि नगर अभियंता हे खरे कर्ते. मुख्याधिकारी राज्य सेवेतले असतात. त्यांना विश्वासात न घेता वरून दबाव आणला तर प्रस्ताव नियमावर बोट ठेवून सावकाश चालतो आणि त्यांना कोणी दोषही देऊ शकत नाही.

क्रम असा आहे: जागेची मालकी, मोजणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. तांत्रिक मान्यता अभियंता देतो, म्हणजे ‘हे काम या किमतीत होऊ शकतं’. प्रशासकीय मान्यता अधिकारी किंवा शासन देतं, म्हणजे ‘हे काम करा, पैसे या शीर्षातून’. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरणारी निवेदनं रोज येतात, आणि वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की तयारी झालेली नाही.

प्रस्ताव परत येण्याची नेहमीची कारणं:

- अंदाजपत्रक जुन्या दरसूचीवर. नवी दरसूची लागू झाली की तांत्रिक मान्यतेपूर्वी सगळं पुन्हा काढावं लागतं.
- जीएसटी, त्रयस्थ तपासणी, वीजजोडणी यांची रक्कम धरलेली नाही. पंप बसतो आणि महावितरणच्या कोटेशनसाठी पैसे नसतात.
- सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नगरपरिषदेचं नाव नाही. चाळीस वर्षं वापरात आहे, हे उत्तर चालत नाही.
- विकास आराखड्याचा भाग नकाशा जोडलेला नाही, किंवा तिथे भलतंच आरक्षण आहे.
- पाण्याच्या योजनेत उद्भवाला, म्हणजे पाण्याच्या स्रोताला, पाणी आरक्षण नाही. टाक्या आणि वाहिन्या मंजूर करून घेण्याची घाई होते, आणि पाणी कुठून येणार हा कागदच नसतो.
- जुन्या योजनेची उपयोगिता प्रमाणपत्रं बाकी. नवं मागण्याआधी आधीच्या पैशांचा हिशेब द्या.

सावधान: एक मोठं काम लहान-लहान तुकड्यांत पाडून खालच्या अधिकाऱ्याच्या मर्यादेत बसवायचा मोह होतो. लेखापरीक्षणात हा आक्षेप हमखास निघतो, आणि उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा सुचवणारा माणूस पदावर नसतो.

## टप्पा ६: एका पानाची टिपणी

प्रस्ताव दोनशे पानांचा असला तरी भेटीत फक्त एक पान वाचलं जातं. मागण्या तीन असतील तर तीन वेगळी पानं करा. एका पानावर तिन्ही लिहिल्या तर कागद एकाच कार्यासनाकडे (मंत्रालयातल्या विषयवार शाखेकडे) जातो आणि उरलेल्या दोन तिथेच पडून राहतात.

वरून खाली: विषय, मागणी एका वाक्यात, आजची स्थिती, याआधीच्या पत्रांचे जावक क्रमांक आणि तारखा, हवा असलेला निर्णय, तो देणाऱ्याचं पदनाम. मागणीचं वाक्य कसं असावं, याचा नमुना:

चुकीचं: ‘शहराच्या गंभीर पाणीप्रश्नाबाबत सहानुभूतीपूर्वक विचार होऊन न्याय मिळावा.’

बरोबर: ‘गावठाण व स्टेशन भागासाठी ५ लाख लिटर क्षमतेचा उंच जलकुंभ, अंदाजपत्रक १ कोटी ३८ लाख रुपये, तांत्रिक मान्यता झाली आहे, नगरोत्थान जिल्हास्तर योजनेखाली प्रशासकीय मान्यता मिळावी.’

दुसऱ्या वाक्यावर अधिकारी हो किंवा नाही म्हणू शकतो. पहिल्यावर तो फक्त मान हलवू शकतो.

## टप्पा ७: जिल्हा पातळी

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. राज्यघटनेच्या कलम २४३-झेडडीनुसार समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडलेले असतात. म्हणजे नगरसेवकांचे प्रतिनिधी तिथे असतात. तुमच्या नगरपरिषदेतलं कोणी नसेल तर नागरी गटातून आलेले सदस्य कोण, ते जिल्हा नियोजन कार्यालयातून काढा आणि बैठकीच्या आधी त्यांना भेटा.

समिती काय करते आणि काय करत नाही, यात मोठा गोंधळ आहे. समिती योजनानिहाय नियतव्यय ठरवते, म्हणजे नगरोत्थानला जिल्ह्यात यंदा किती. तुमचा जलकुंभ त्या बैठकीत मंजूर होत नाही. पुढे कामांच्या यादीवर प्रशासकीय मान्यता होते आणि मग बीडीएस या शासनाच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर निधी वितरित होतो. ‘समितीत मंजूर झालं’ असं पत्रकार परिषदेत सांगून बसलेल्या नगराध्यक्षांना पुढचे सहा महिने लोकांना तोंड द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट आधी विचारा: त्या शीर्षाखाली मागच्या वर्षाचं दायित्व किती आहे? चालू कामांची देणी आधी भागतात, उरेल त्यात नवी कामं. दायित्वच नियतव्ययाच्या जवळ गेलं असेल तर यंदा रांगेत उभं राहण्यापेक्षा शीर्ष बदला.

प्रत्यक्ष बैठकीत दोन-तीन तासांत अख्ख्या जिल्ह्याचे विषय संपवायचे असतात. त्यामुळे तिथे नवा विषय काढू नका. त्याआधीच्या दोन आठवड्यांत तीन टेबलं गाठा: जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपरिषद प्रशासन शाखा, जिल्हा नियोजन अधिकारी आणि स्वतः जिल्हाधिकारी. क्रम हाच ठेवा. थेट वर गेलात तर जिल्हाधिकारी खालच्या दोघांनाच विचारतील आणि ‘प्रस्ताव अजून आलेला नाही, साहेब’ हे उत्तर तुमच्यासमोर मिळेल.

## टप्पा ८: आमदारांना नेमकं काय मागायचं

आमदारांच्या हातात दोन प्रकारची साधनं आहेत. एक, स्वतःचा स्थानिक विकास निधी, वर्षाला ५ कोटी. त्यातून लहान कामं निघतात: अंतर्गत रस्ता, सभामंडप, व्यायामशाळा. दुसरं, सभागृह. शहराच्या दृष्टीने दुसऱ्याची किंमत जास्त आहे, पण आमदारांकडे जाणारी बहुतेक निवेदनं पहिल्यासाठीच असतात.

विधान परिषदेतल्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या आहेत आणि त्यांच्या मतदारांत नगरसेवक स्वतः असतात. तो आमदार तुमचाच आहे. अर्थात स्थानिक निवडणुका रखडल्या की ती जागा रिकामी राहते, तेव्हा आधी भरलेली आहे का ते पाहा.

सभागृहातली साधनं मागणीनुसार निवडा.

तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) माहिती आणि विलंबाचं कारण नोंदीवर आणण्यासाठी. सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, तारखांचं पत्रक विधानमंडळ सचिवालय काढतं. मसुदा तुम्हीच ठरलेल्या साच्यात लिहून द्या:

(१) अमुक शहराच्या पाणीपुरवठा योजनेचा प्रस्ताव नगरपरिषदेने दिनांक अमुक रोजी सादर केला आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, सदर प्रस्तावास प्रशासकीय मान्यता देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यात एक मोठी मेख आहे. प्रश्नाचं उत्तर तयार करताना विभाग जिल्हाधिकाऱ्यांकडून अहवाल मागवतो आणि जिल्हाधिकारी तुमच्या मुख्याधिकाऱ्यांकडून. म्हणजे मंत्री सभागृहात वाचणार ते तुमच्याच कार्यालयातून गेलेलं. प्रस्ताव खरोखर गेलेला नसेल तर ‘हे खरे नाही’ असं छापील उत्तर येतं आणि तो कागद वर्षभर तुमच्याविरुद्ध वापरला जातो. प्रश्न टाकण्याआधी जावक क्रमांक हातात घ्या.

लक्षवेधी सूचना तातडीच्या विषयासाठी. मंत्री निवेदन करतात आणि सदस्य उपप्रश्न विचारतात. इथे मंत्र्यांनी ‘एक महिन्यात बैठक घेऊ’ म्हटलं तर ते आश्वासन ठरू शकतं, आणि आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधानमंडळाची स्वतंत्र समिती आहे. म्हणून आमदारांना उपप्रश्नही लिहून द्या, आणि त्यात मुदत विचारणारा एक असू द्या.

कपात सूचना (विभागाच्या मागणीतली रक्कम कमी करा असं सुचवून विषय मांडणं) आणि खर्चाच्या मागण्यांवरची चर्चा अर्थसंकल्पी अधिवेशनात, नगरविकास विभागाची मागणी येईल त्या दिवशी. विषय नोंदीवर येतो, पैसा लगेच येत नाही.

अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं, कायदादुरुस्तीच्या मागणीला. शुक्रवारी चर्चेला येतं, मंजूर होणं दुर्मिळ. तरी सुचवलेला मजकूर छापून विभागापुढे ठेवायला उपयोगी पडतं.

आमदार विरोधी पक्षाचे असोत की नगराध्यक्ष विरोधी पक्षाचे, शिष्टमंडळात नगरपरिषदेतल्या दोन्ही बाजूंचा किमान एकेक नगरसेवक न्या. ठराव एकमताचा असेल तर टिपणीत तसं लिहा.

## टप्पा ९: मंत्रालयातली भेट

फाइल मंत्र्यांच्या टेबलावर जन्मत नाही. ती कार्यासनात उघडते आणि कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत जाते. तुमचं कार्यासन कोणतं हे त्याच योजनेच्या शासन निर्णयावर सापडतं. क्रमांकाच्या शेवटी, प्रकरण क्रमांकानंतर ‘नवि’ आणि पुढे आकडा असतो, तेच ते. भेटीच्या दिवशी आधी तिथे जा, प्रस्ताव पोचला आहे का आणि त्रुटी काय ते विचारा, मग वर जा. प्रवेशासाठी डिजिप्रवेश ॲपवर नोंदणी आदल्या दिवशीच करून ठेवलेली बरी.

नागपूर अधिवेशनाचा मोह आवरा. रवी भवन आणि आमदार निवासाच्या आवारात माणसं भेटतात, मंत्र्यांची बैठक लावून घेता येते, हे खरं. पण टिपणी लिहिणारं कार्यासन बहुधा मुंबईतच असतं. नागपूरला आमदार आणि मंत्र्यांसाठी जा, फाइलसाठी मुंबईलाच.

पाच माणसं पुरे: नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, नगर अभियंता, दोन नगरसेवक. बोलायचं एकाने, आकडे अभियंत्याने. वेळ दहा मिनिटांचा धरा आणि पहिल्या दोन मिनिटांत मागणीचं वाक्य संपवा. सत्कार, शाल आणि फोटो शेवटी ठेवा. सुरुवातीला केले तर दहातली सहा मिनिटं त्यातच जातात.

मंत्र्यांनी कागदावर मारलेला शेरा वाचायला शिका.

- ‘उचित कार्यवाहीस्तव’: कागद खाली गेला, एवढंच.
- ‘नियमानुसार कार्यवाही करावी’: हो नाही आणि नाहीही नाही.
- ‘तपासून सादर करावे’: विभागाला टिपणी लिहून फाइल वर आणावी लागते. हा उपयोगी शेरा.
- ‘बैठक आयोजित करावी’: खासगी सचिवांच्या कार्यालयातून तारीख मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका.
- ‘मान्य’: निवेदनावर लिहिलेलं ‘मान्य’ म्हणजे मंजुरी नाही. निधी, निकष आणि वित्त विभागाची सहमती त्यातून सुटत नाही.

तपासा: शेरा मारलेला कागद मंत्री कार्यालयातून विभागाकडे जाताना त्याला क्रमांक पडतो. तो घेतल्याशिवाय इमारत सोडू नका. मोबाइलमधल्या फोटोवर क्रमांक नसतो.

## टप्पा १०: परत आल्यावर

पहिल्या तीन दिवसांत आभाराचं पत्र पाठवा. त्यात ठरलेलं सगळं तारखेसह लिहा: ‘दिनांक अमुक रोजीच्या बैठकीत असे ठरले की...’ अधिकृत इतिवृत्त यायला आठवडे लागतात, तोवर तुमचं पत्र हीच नोंद राहते. इतिवृत्त कोण काढणार हे बैठकीतच विचारून घ्या. बैठक मंत्र्यांनी घेतली असेल तर ते विभागाकडून निघतं, जिल्हाधिकाऱ्यांनी घेतली असेल तर त्यांच्या शाखेकडून.

त्रुटीपत्र आलं तर सात दिवसांत सगळ्या त्रुटी एकत्र भरून पाठवा. एकेक करून पाठवल्या की दर खेपेला फाइल रांगेच्या शेवटी लागते.

नगरपरिषदेत एक साधी नोंदवही ठेवा, संगणकावर असली तरी चालेल. रकाने सहा: मागणी, निर्णय देणारा, प्रस्तावाचा जावक क्रमांक व दिनांक, सध्या फाइल कुठल्या टेबलावर, शेवटची विचारपूस कधी, पुढची कधी. दर पंधरा दिवसांनी एकाच माणसाने फोन करायचा. वेगवेगळ्या पाच नगरसेवकांनी फोन केले तर पाच वेगळी उत्तरं मिळतात.

फेब्रुवारीत नगरपरिषदेचा स्वतःचा अर्थसंकल्प येतो. ठरावात कबूल केलेला हिस्सा त्यात तरतूद म्हणून दिसला पाहिजे. राज्याची मान्यता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते, हिश्शाची तरतूद नसते आणि निविदा काढता येत नाही, असं घडू नये म्हणून लेखापालांच्या टेबलावर त्या नोंदवहीची एक प्रत जानेवारीतच पोचवा.